टीव्हीवाल्या भोजराजचं बंद दार

शहापुरात भोजराज नावाचे दोघे होते. एक लंगडा आणि दुसरा टीव्हीवाला. दुसऱ्याला आपलं हे नाव भारी आवडे. जवाहरनगरच्या फॅक्टरीत तो फिटर होता. सकाळी फॅक्टरीची बस हायवेवर थांबली की इस्त्रीचे कपडे घालून चढायचा आणि संध्याकाळी उतरला की कोणीतरी विचारायचंच, "भोजराज, आज लावशीन न बापा?" नागपूरचं चित्र पकडायला त्यानं घरावर उंच बांबू उभा करून अँटेना बांधला होता. वारा सुटला की चित्रातली माणसं पाण्यात पडल्यासारखी हलायची, पण घरांच्या त्या ओळीत दुसरा टीव्ही नव्हता. म्हणून त्याच्या ओसरीला लागून असलेली खोली म्हणजे गावाचं थेटरच झालं होतं.

त्याची माय, कुंताबाई, हीसुद्धा एकेकाळी नावाजलेली होती, पण वेगळ्या कारणानं. धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, बाया चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे रोपं, लावायच्या तेव्हा गाण्याची पहिली ओळ टाकायची ती कुंताबाईनं, आणि मागच्या बायांनी ती झेलायची. टाकलेली ओळ कोणी झेलली नाही आणि ती शेताच्या बांधीतल्या पाण्यात पडली, तर धान वांझोटं निघतं, असं त्या मानत. मग कोणाचा घसा बसलेला असो की कोणाशी भांडण असो, ओळ झेलावीच लागे. कुंताबाईचा आवाज तीन बांध्या ओलांडून जायचा.

भोजराजला नोकरी लागली त्या पावसाळ्यात फॅक्टरीची बस वावराजवळच्या सडकेवर पंक्चर झाली. टायर बदलेपर्यंत सगळी बस खिडक्यांतून रोवणा पाहत बसली. कुंताबाई गात होती. कोणीतरी म्हणालं, "काय बुढी हाय बे, भोंगाच!" सगळे हसले. भोजराजही हसला. ती बुढी कोणाची, हे त्यानं सांगितलं नाही. संध्याकाळी घरी येऊन तेवढं म्हणाला, "माय, आता रोवण्याले जाऊ नोको. आपल्याले काय कमी हाय?" कुंताबाईनं लेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती गेली नाही. गाणंही थांबलं.

ही गोष्ट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी घडलेली. हायवेवर व्हिडिओचं वारं आलं होतं. ढाब्याच्या मागच्या खोलीत 'ब्लू पिच्चर' लागतो, अशी कुजबूज असे. पाहिला म्हणणारे पुष्कळ, खरंच पाहिलेला कोणी नाही. अशा दिवसांत एका शनिवारी पानठेलेवाला भैय्यालाल पेपर घेऊन भोजराजकडे धावत आला. बोट टीव्हीच्या कार्यक्रमांवर.

"वाच बे, वाच. उद्या दुपारी. 'ब्लूज', भाग पहिला."

"मंग?"

"मंग काय? सरकारच दाखवून राहिलं न ब्लू!"

"चूप बे. सरकार कायले दाखवन?"

"अबे, इंग्रजीत एक असला तं ब्लू. 'ज' लावला म्हणजे लय हायेत. अन भाग पहिला म्हंते, म्हणजे दर रविवारी!" भैय्यालालचे पान खाल्लेले दात आनंदानं बाहेर आले होते. "पण सांगून ठेवतो, बायापोट्टे नोको."

"माह्या घरी नाही," भोजराज एकदाच म्हणाला. तेही हळू.

रविवारी सकाळीच त्यानं टीव्ही बिघडल्याचं जाहीर केलं. मागचं झाकण उघडून पेचकस फिरवत बसला. मायला आणि बायकोला, मंदाबाईला, मुलांसकट शेजारच्या धुरपताकडे सेवया करायला धाडलं. एरवी उन्हाळ्यातली सेवयांची कटकट त्याला आवडत नसे, पण त्या दिवशी म्हणाला, "जा न, लय मदत होईन तिले." मंदाबाईनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "आज भलतीच माया आली," म्हणाली आणि गेली.

दुपारी भैय्यालाल आला, म्हातारा तुलाराम आला, आणखी चारपाच जण आले. प्रत्येकजण आपण सहजच आलो असं दाखवत होता. खिडकीला गोधडी टांगली. दाराला आतून कडी घातली. खोलीत भट्टीसारखं उकडत होतं, पण पंखा नको, त्याच्या आवाजात काही ऐकू येणार नाही, असं तुलाराम म्हणाला.

"तुले ऐकाचं काय हाय, कका?" भैय्यालाल म्हणाला. "पाह्य न नुसतं."

चित्र आलं. कापसाचं वावर. लांबच लांब. काळी माणसं, पाठीवर झोळ्या, वाकून बोंडं वेचतायत. हिंदीत कोणीतरी सांगत होता की अमेरिकेतले हे लोक एकेकाळी गुलाम होते, त्यांच्या दुःखाच्या गाण्यांना 'ब्लूज' म्हणतात.

"थांबा, सुरुवात हाय," भैय्यालाल म्हणाला. "मंग येईन."

काही आलं नाही. एक म्हातारा आला, पायरीवर बसला, गिटार मांडीवर घेतली आणि बायको मेल्याचं गायला लागला. आजा म्हणून कोणाच्याही घरात असावा तसाच म्हातारा. कोणी हसलं नाही. तुलारामची बायको मागच्या साली गेली होती. त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि घाम आल्याचं दाखवलं. मग एक जाड, म्हातारी बाई आली. डोक्याला फडकं. ती एक ओळ म्हणे आणि थांबे. पुन्हा म्हणे, पुन्हा थांबे. त्या थांबण्यात नुसती टीव्हीची घरघर ऐकू येई.

आणि तिसऱ्यांदा ती थांबली तेव्हा दाराबाहेरून कोणीतरी ओळ झेलली.

शब्द नव्हते. नुसता सूर होता, थोडा चिरकलेला. पण नेमका तिथून उचललेला, जिथं त्या बाईनं सोडला होता. खोलीतले सगळे दगड झाले. भोजराजनं तो आवाज कितीतरी वर्षांनी ऐकला.

"कोन हाय?" भैय्यालाल कुजबुजला.

"माय," भोजराज म्हणाला.

कुंताबाई सेवयांचा पाट विसरली म्हणून परतली होती. दार वाजलं. "भोजराज! आतमंदी कोनती बाई रडून राहिली रे?"

भोजराजनं कडी काढली. उजेडाबरोबर माय आत आली. गोधडी टांगलेली खिडकी, घामानं निथळणारे बाप्ये, चालू टीव्ही. तिनं सगळं पाहिलं. भैय्यालाल उगाचच म्हणाला, "कुंतामाय, आमी बातम्या पाहून राहिलो." कोणाला चप्पल सापडेना. एकेक जण खाली मान घालून तिच्या बाजूनं निघून गेला, म्हाताऱ्या तुलारामनं तर तिला हात जोडले.

माय पडद्याकडे पाहत होती. "इतकी गाऊन राहिली बिचारी. एकजणही झेलून नाही राहिला." मग लेकाकडे वळली. "तू तं बिघडला म्हणालास."

भोजराजनं उगाचच पेचकस उचलला.

"मी गाईन म्हणून कडी लावली न?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "तुह्या दोस्तायसमोर मी तोंड उघडीन म्हणून. सांगितलं असतं तं मी आलीच नसती, बापा." पाट उचलून ती गेली.

नाही म्हणायचं, तर कडी कशासाठी लावली ते सांगावं लागलं असतं. भोजराजनं खिडकीवरची गोधडी काढली. पडद्यावरची बाई अजून थांबत होती.

रात्री त्यानं मंदाबाईला सांगायला सुरुवात केली. तिनं पहिल्याच वाक्याला हात वर केला. "भैय्यालालच्या बायकोनं त्याले संध्याकाळीच लाटण्यानं झोडपलं. साऱ्या ओळीले माहीत हाय. फक्त तुमच्या मायले नाही." मग अंगणातल्या बाजेवर पडलेल्या कुंताबाईकडे हनुवटी करून म्हणाली, "ते दुपारपासून जेवली नाही. तुमी चांगले दिसाले पाहिजे म्हणून तिनं उपाशी राहाचं काय?"

भोजराज आठवडाभर बसमधून गेला आणि आला. बोलायला गेला की मायला पाणी मागून परते. मायसमोर 'ब्लू पिच्चर' हा शब्द काढायचा कसा? त्यापेक्षा ती समजते तेच बरं, असं दोनदा त्याच्या मनात आलं, आणि दोन्ही वेळा त्याला स्वतःचीच घाण वाटली.

पुढच्या रविवारी, दुसऱ्या भागाच्या वेळी, त्यानं दार सताड उघडलं. ओळीतल्या बाया हसत, एकमेकींना ढोसत आल्या. "भोजराजभाऊ, आज मशीन बरी झाली वाटते? कडी लावू काय?" धुरपतानं विचारलं आणि सगळ्या खिदळल्या. त्यानं ऐकून घेतलं. कुंताबाई आली नव्हती. ती धुरपताच्या अंगणात वाळलेल्या सेवया डब्यात भरत एकटी बसली होती. भोजराज तिच्यासमोर उकिडवा बसला.

"माय, चाल."

"नोको. तुह्ये दोस्त येतीन."

"माय, मी तुह्यासाठी कडी नोती लावली." त्यानं जमिनीकडे पाहत सांगितलं. "आमाले वाटलं, नागव्या बाया दाखवतेत. ते पाहाले बसलो होतो. म्हणून तुमाले धाडलं."

कुंताबाईचा हात डब्यात थांबला. दोन मुलांचा बाप झालेला लेक तिच्यासमोर कान लाल करून बसला होता.

"म्हणजे माह्या गाण्याची लाज नोती वाटली तुले?"

'नोती' एवढंच म्हणून टाकलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण त्याला ती पंक्चर झालेली बस दिसली, खिडक्यांतली तोंडं दिसली, आणि त्या हसण्यातलं आपलं हसणं ऐकू आलं.

"त्या रविवारी नोती, माय," तो म्हणाला.

'त्या रविवारी' हे दोन शब्द मायला कळले. ती लेकाला आरपार ओळखत होती. तिनं उरलेल्या सेवया डब्यात घातल्या, झाकण दाबून लावलं.

"जा तू," ती म्हणाली. "बाया बसल्या असतीन."

"अन तू?"

"मी अठीच बरी. आवाज मोठा कर. वाटलं तं झेलीन, नाही तं नाही."

भोजराज घरी आला. टीव्हीच्या आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. टीव्ही थरथरायला लागला, बायांनी कानांवर हात ठेवले. मंदाबाई ओरडली, "कान फाटतेत न!" त्यानं आवाज कमी केला नाही. पडद्याकडे पाठ करून तो उघड्या दारात, धुरपताच्या अंगणाकडे कान देऊन उभा राहिला.