तोंडावरची हरकत

हरकतकाकू आमच्याविरुद्ध अर्ज लिहायच्या आणि तो पालिकेत देण्याआधी आमच्याच दुकानात येऊन वाचून दाखवायच्या. दरवर्षी, मे महिन्यात, भर गिऱ्हाइकांत, काउंटरला न टेकता सरळ उभ्या राहून. वाचून झालं की कागदाची घडी पिशवीत टाकायच्या आणि बाबांना म्हणायच्या, "भाऊ, काय खोटं लिवलं आसंल तर आत्ताच बोला. मागनं म्हनू नका." बाबाही वस्ताद. "वहिनी, 'अडथळा' जरा जास्त वेळा आलाय," एवढंच म्हणायचे. मग काकू स्टुलावर बसून चहा घ्यायच्या. चहा आधी कधीच नाही. ज्याचा चहा प्यायला त्याच्यावर हरकत कशी घ्यायची, असं त्यांचं म्हणणं.

नेरूळमध्ये, सारसोळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमचं प्लास्टिकच्या सामानाचं दुकान होतं. बादल्या, ड्रम, पाइप आणि पाण्याच्या काळ्या टाक्या. दुकान भाड्याचं आणि एवढंसं, की टाकी आत ठेवली तर बाबांना बाहेर बसावं लागे. त्यामुळे टाक्या ठेवायला डोळा होता तो इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यावर. आमच्याकडे प्रत्येक इमारतीभोवती अशी जागा सोडलेली असते. ती कुणा एकाची नसते आणि हवी मात्र सगळ्यांना असते. तिथे माल ठेवायचा, पावसाळ्यापुरती शेड घालायची, तर विभाग कार्यालयात अर्ज करायचा, सोसायटीची ना-हरकत जोडायची आणि मग फळ्यावर नोटीस लागायची की कुणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी. ही शेवटची ओळ अख्ख्या इमारतीत एकच बाई मनावर घ्यायची. त्या दुकानांच्या मागच्या तळमजल्यावरच्या खोलीत राहायच्या.

त्यांच्या हरकतीमुळे आम्हाला दुकानासमोरची जागा मिळायची, बाजूची कधीच नाही. टाक्या ठेवायला जागा नाही म्हणून मोठी गिऱ्हाइकं पुढच्या दुकानात जायची. आई जळफळायची. 'हरकतकाकू' हे नाव आईनेच ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की त्यांचं खरं नाव पोस्टमनखेरीज कुणी घेत नसे. "आपल्याकडे येऊन चहा पिते आणि आपल्याच पोटावर पाय देते," आई म्हणायची. बाबा हसायचे. म्हणायचे, "अगं, सांगून देते ना. न सांगता देणारे कितीतरी आहेत."

ते खरं होतं. आमच्या इमारतीत निनावी तक्रारींना तोटा नव्हता. कुणाच्या गॅलरीतून पाणी गळतं, कुणी कुत्रा पाळलाय, सगळं चिठ्ठ्यांवर चालायचं आणि चिठ्ठी टाकणारा जिन्यात भेटला की गोड हसायचा. काकूंना त्याचा तिटकारा. "हरकत तोंडावर घ्यावी. पाठीमागं घेतली ती चुगली," हे त्यांचं वाक्य आम्हाला पाठ झालं होतं. नवरात्रातल्या लाउडस्पीकरवर त्यांनी हरकत घेतली ती मंडळाच्या अध्यक्षाला स्टेजवर गाठून. सेक्रेटरीने इमारतीला जांभळा रंग द्यायचा ठरवला, तेव्हा त्याच्या दारात जाऊन, त्याच्या बायकोदेखत सांगितलं, "भाऊ, ह्यो रंग माझ्या हयातीत नगं." रंग पिवळा लागला.

मला बघायला एक स्थळ आलं होतं तेव्हा आईने बोलावलं नसताना काकू येऊन बसल्या. मुलगा चांगला शिकलेला, सीबीडीतल्या एका ऑफिसात नोकरीला. पोहे झाले, बोलणी सुरू झाली, आणि काकूंनी मुलाच्या आईला सरळ सांगितलं, "ताई, तुमच्या तोंडावर सांगते. पोरगं हरेक सवालाला तुमच्याकडं बघून बोलतंय. माझी हरकत हाय." स्थळ मोडलं. आई महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. मी मात्र त्या दिवसापासून काकूंची झाले. मला जे बोलायचा धीर झाला नसता ते त्या बोलल्या होत्या.

त्यांच्या घरात मी पहिल्यांदा गेले ती दिवाळीचा फराळ द्यायला. बाजूच्या त्या पट्ट्यावर एक खिडकी उघडायची, खोलीला ती एकच. खिडकीला लागून खाट, खाटेवर काका. ते साताऱ्याकडचे, वाशीच्या बाजारात माथाडी होते. गोण्या वाहता वाहता पाठीचा कणा गेला आणि कमरेखालचं शरीर थांबलं. दुपारचं ऊन त्यांच्या पायावर पडलं होतं. ज्या पायांना काही कळत नव्हतं त्या पायांकडे ते बघत होते. मला म्हणाले, "जरा थांब, आत्ता वर येतंय." ऊन पोटापर्यंत यायची ते वाट बघत होते. खाटेच्या पायथ्याशी काकूंचं शिलाई मशीन.

त्या पट्ट्यात आमच्या टाक्या आल्या असत्या तर ती खिडकी पुरती बुजली असती. आणि काकूंच्या एकाही अर्जात खिडकीचा उल्लेख नव्हता. अर्जात असायचं ते अग्निशमनाची वाट, जाण्यायेण्यास अडथळा, डासांची पैदास. मी विचारलं, "काकू, हे का नाही लिहीत?"

"घरचं दुखनं अर्जात लिवायचं न्हाई, पोरी," त्या मशीनवरची मान वर न करता म्हणाल्या. "साहेब दया करंल. आन् दया करनाऱ्या साहेबाची बदली हुती. नियमाची हुत न्हाई."

मी घरी येऊन सांगितलं. आई आत गेली आणि फराळाचा आणखी एक डबा भरून आणला. त्या वर्षापासून बाबांनी बाजूच्या जागेसाठी अर्ज केला नाही. टाक्या ठेवणंच बंद केलं. बादल्या-मगांवर जेवढं चालेल तेवढं. काकू मे महिन्यात आल्या, वाचायला काही नव्हतं, तरी आधी स्टुलावर बसल्या नाहीत. थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "यंदा समोरच्या शेडचं पत्रं जरा खाली घ्या, भाऊ. पानी माज्या दारात येतंय." तेवढी हरकत घेऊन मगच चहा प्यायल्या.

पुढे काका गेले. दुकान तोवर डबघाईला आलं होतं. लोक बादलीसुद्धा मोबाइलवरून मागवायला लागले होते. टाक्यांना मागणी होती, आणि बाबांना वाटलं, आता काय हरकत आहे? खाट रिकामी आहे. वर्ष सरू दिलं आणि त्यांनी बाजूच्या जागेचा अर्ज केला. नोटीस लागली. दुसऱ्याच दिवशी काकू कागद घेऊन हजर. तीच अग्निशमनाची वाट, तोच अडथळा. बाबा चकित झाले. अगदी हळू म्हणाले, "वहिनी, पण आता तर काका..."

काकूंनी कागदाची घडी घातली. "भाऊ, उजेड काय त्येंच्याच नावावर हुता? माझी मशीन कुनाच्या उजेडात चालती?"

आम्हा सगळ्यांना ती खिडकी काकांची वाटत आली होती. आजारी माणसाची. त्या उजेडात एक बाई रोज ब्लाउज शिवते, दोरा ओवते, तांदूळ निवडते, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाबांनी अर्ज मागे घेतला. आई म्हणाली, "बरोबरच आहे तिचं," आणि काकूंच्या बाजूने आई बोलल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

दोन पावसाळे कसेबसे निघाले आणि दुकान बंद झालं. आम्ही करंजाड्याला राहायला गेलो. बाबा कधी काकूंना दोष देत नाहीत. मीही देत नाही, पण खोटं कशाला बोलू, टाक्या विकता आल्या असत्या तर दुकान आणखी तगलं असतं. त्यांचा उजेड आणि आमचा धंदा एकाच पट्ट्यात होता, आणि त्यातलं एकच काहीतरी मावत होतं.

दुकानाच्या मालकाने गाळा, शेजारचे दोन गाळे धरून, घरपोच किराणा पोचवणाऱ्या एका कंपनीला दिला. शटर अर्धं खाली, आत फळ्या, बाहेर मोटरसायकली. गिऱ्हाईक आत येतच नाही असलं दुकान. त्यांना रिकामे क्रेट ठेवायला जागा हवी होती. सोसायटीने ना-हरकत दिली, फळ्यावर नोटीस लागली. काकूंचा मला फोन आला. अर्ज लिहून तयार होता, पण वाचून कुणाला दाखवायचा?

त्या कागद घेऊन तिथे गेल्या होत्या. "मालक कोन हाय?" विचारलं. काउंटरच नव्हतं. आतल्या एका मुलाने सांगितलं, "मालिक नहीं है, काकी. ॲप है." मॅनेजर कुठाय विचारलं तर तो कंपनीच्या दुसऱ्या गोदामात गेलेला. पुन्हा गेल्या तर मॅनेजर बदललेला, आणि नव्याला ही कसली परवानगी तेच ठाऊक नव्हतं. त्याने एक फोन नंबर दिला. त्या नंबरावर एक बाई इंग्रजीत बोलत राहायची आणि मध्येच गाणं लागायचं. काकूंनी त्या गाण्याला अर्ज वाचून दाखवला असता, इतक्या त्या हैराण झाल्या होत्या.

"काकू, सरळ जाऊन देऊन टाका ना," मी वैतागून म्हटलं.

"कुनाला वाचून दावल्याबिगर? ती चुगली झाली, पोरी. जल्मात केली न्हाई."

"मग त्या पोरांना वाचून दाखवा."

"ती नोकर मानसं. त्येंच्या हातात काय हाय? उगा कुनाची तरी नोकरी जायची."

मी समजावलं, चिडले, बाबांनाही बोलायला लावलं. त्या रोज त्या शटरपाशी जायच्या आणि मालक आला का विचारून परत यायच्या. हरकतीची मुदत निघून गेली. मी मागाहून विभाग कार्यालयात चौकशी केली. हरकत एकही आलेली नाही, परवानगी नियमात बसते, असं सांगण्यात आलं. ते काही चुकीचं नव्हतं. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "परवानगी घेतलीया ना त्येंनी? मग आता मी बोलायचं न्हाई." आयुष्यभर ज्या नियमाचा आधार घेतला त्याच्याशी भांडणं त्यांना जमणार नव्हतं.

त्यानंतर मी त्यांना भेटायला गेले ती भर दुपारी. दार उघडलं तर आत ट्यूबलाइट लावलेली. खिडकीला बाहेरून निळे क्रेट लागले होते, वरपर्यंत. मशीनवर चादर घातली होती. "डोळं लई दुखत्यात ट्यूबमदी," त्या म्हणाल्या, "दोरा ओवंना. काम सोडलं." चहा केला. कपात साखर घालताना हात चाचपडत होता. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. मध्येच त्यांनी विचारलं, "भायेर ऊन हाय का गं?"

मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि कप विसळायला घेतले. परतताना मी रस्त्यात रडले, लोक बघत होते तरी रडले. त्या शटरपाशी जाऊन कुणावर तरी ओरडावं असं वाटलं. पण त्या पोरांच्या हातात काही नाही असं काकूंनीच म्हटलं होतं, आणि ओरडायचं कुणावर हाही प्रश्न होताच.

काकू गेल्या त्या झोपेत. शेजारणीचा फोन आला तेव्हा बाबांचे गुडघे धरलेले, तरी ते निघाले. साताऱ्याहून काकूंचा भाचा आला. दुपारी सगळी तयारी झाली तेव्हा प्रश्न आला की बाहेर कसं काढायचं. पुढच्या बोळात तिरडी वळेना. बाजूच्या पट्ट्याकडे इमारतीचं मागचं दार होतं, पण त्याच्यापुढेही क्रेट. सेक्रेटरी म्हणाला, कंपनीला फोन करावा लागेल.

फोन करावा लागला नाही. कंपनीच्या टीशर्टातली ती मुलं आपणहून आली. कुणी काही सांगायच्या आत त्यांनी हातोहात क्रेट उचलले आणि पलीकडच्या भिंतीला लावले. ते पाच मिनिटांचं काम होतं. पट्टा मोकळा झाला, खिडकी मोकळी झाली. आत काकूंना उचलत होते आणि रिकाम्या खाटेवर ऊन पडलं होतं. बाबा खिडकीचा गज धरून उभे राहिले.

काकूंना नेल्यावर त्यातला एक मुलगा माझ्याजवळ आला. उत्तरेकडचा कुठला तरी, मिसरूड नुकती फुटलेला. खिडकीकडे बघत म्हणाला, "दीदी, काकी तो रोज आती थी. मालिक को पूछती थी. इसके लिए आती थी क्या?"

मी हो म्हटलं.

"तो हमको बोलना था ना," तो म्हणाला. "हम उधर लगा देते."