वैशाखातला हीटर

आमच्या जुन्या गाडीचं पाणी आता पुन्हा उकळलं तर ती विकायची, असं बायकोनं बजावलं होतं. म्हणून मी मोठ्या मेकॅनिकच्या थाटात अंगणातच रेडिएटर धुतला. तांबडं पाणी निवळेपर्यंत पाइप मात्र तिनंच धरला. नवं कूलंट भरून आम्ही अमरावतीहून तिच्या माहेरी, अकोल्याला निघालो. मूर्तिजापूरजवळ तापमानाची सुई चढू लागली. इंजिनाची उष्णता ओढली जावी म्हणून मी गुपचूप हीटर लावला.

"काहून जी, गरम हवा येऊन राहिली?"

"ऊनच तसं हाय," मी घाम पुसत म्हणालो.

तिनं सुईकडं पाहिलं. मग ओला केलेला पदर माझ्या मानेवर ठेवला आणि हीटर आणखी वाढवला.

"उकळलं तं नाई ना अजून? मंग चालू द्या."