कोपरापर्यंत हात

अण्णांनी आयुष्याची शेवटची काही वर्षं सृष्टीचा समतोल सांभाळण्यात घालवली. ही सृष्टी होटगीजवळ आम्ही दोघं कामाला होतो त्या मत्स्यशेतीवर सिमेंटच्या दोन टाक्यांत मावत असे, आणि समतोल दुपारच्या डब्यापर्यंतही टिकत नसे.

माशांच्या हौदातलं घाण पाणी या टाक्यांत यायचं. त्यावर बारीक शेवाळ वाढून पाणी हिरवंगार व्हायचं. ते शेवाळ खसखशीएवढ्या पाणपिसवा खायच्या आणि पाणपिसवांना माशांची नुकती जन्मलेली पिलं. अण्णांची उजवी बाही कायम ओली. भाकरीचा घास हातात असतानाच ते उठायचे, टाकीत कोपरापर्यंत हात बुडवायचे.

"बोटं दिसली की समजायचं, पिसवा उपाशी हायत. दोन बादल्या घाण पाणी वता. आन् मनगटबी दिसंना, तर हिरवं लई झालंय."

"अण्णा, आत्ताच बघितलंत की!"

"मगाशी बघितलं. पिसवा तवापासनं खात्यातच न्हवं का?"

एकदा ते भाचीच्या लग्नाला जेऊरला गेले. नेमकं दुसऱ्या दिवशी एक बडे पाहुणे पाहणीला येणार होते. मालकांनी ब्लीचिंग टाकून दोन्ही टाक्या घासून घेतल्या, बोअरचं पाणी भरलं, वर गुलाबपाकळ्या सोडल्या. सकाळी अण्णा परतले आणि आधी टाकीत हात बुडवला. बोटंच काय, तळाची भेगही दिसत होती. आतल्या खोलीत ठेवलेली पिलं भुकेली होती.

"मालक, हितलं जेवण कुटं गेलं?"

"घाण होती ती, अण्णा! पाहुणे काय म्हणतील?"

अण्णांनी पिशवीतून हिरव्या पाण्याची बाटली काढली. पिसवा आत टुणटुणत होत्या. "लग्नाला जाताना ह्यास्नी कुणाच्या भरवशावर ठिवणार? दर तासाला झाकण उघडून हवा देत हुतो. नवऱ्याकडचे म्हनले, औषध हाय का."

टाक्यांत ब्लीचिंगचा अंश होता, म्हणून हौदातल्या पाण्यानं पिंप भरून त्यांनी बाटली त्यात रिकामी केली. पाहुण्यांनी विचारलं, हे काय? "पिलांचं जेवण, साहेब. तुमचं तिकडं मांडलंय."

पिंप भरात यायला आठवडा गेला. तोवर पिलांना अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घातला. निम्मी गेली, निम्मी जगली. अण्णा त्यानंतर कधीच गावाला गेले नाहीत.

यंदा ते वारले. शोकसभेत मालकांनी अण्णांचं कार्य अखंड चालू ठेवण्याची शपथ घेतली. भाषणं लांबत गेली, तसं मला बसवेना. मधेच उठून टाकीवर गेलो, हात बुडवला.

बोटं दिसत होती. दोन बादल्या घाण पाणी ओतलं.