आईच्या चेहऱ्याची हजेरी

माझी नोकरी म्हणजे दुसऱ्यांच्या नोकऱ्या सांभाळणं. अहेरीकडच्या एका वन कार्यालयात मी आस्थापना शाखा बघते. कोण रुजू झालं, कोण रजेवर गेलं, कोणाची बदली कुठे झाली, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. पूर्वी ते कागदावरून जायचं. आडरानातल्या वनरक्षकाला लग्नासाठी रजा हवी असली, की त्याचा अर्ज कोणाच्या तरी मोटरसायकलच्या डिकीत बसून निघायचा. रजा मंजूर झाल्याचं पत्र त्याच्या हाती पडेपर्यंत ज्या नवरीच्या लग्नाला तो जाऊन आला, तिला दिवस गेलेले असायचे. मी थोडं वाढवून सांगतेय, पण फार नाही.

मग मोबाइलवर ॲप आलं. मी नागभीडची, आमच्याकडे नव्या वस्तूला आधी नावं ठेवतात आणि मग ती वापरतात. ‘आणखी एक खेळणं आलं,’ असं मी सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हटलं होतं. आठवड्याभरात एका वनरक्षकाने नदीकाठच्या दगडावर उभं राहून रजा मागितली, मी इथे बसून बटण दाबलं, आणि माझा चहा गरम असतानाच त्याचा फोन आला, ‘रजा भेटली बाई, निघतो.’ कप हातात धरून मी तशीच बसून राहिले. इतकी वर्षं जी माणसं मला फक्त फाइलमध्ये भेटत होती, ती एकदम शेजारच्या खोलीत आल्यासारखी वाटली.

त्यानंतर चेहऱ्याची हजेरी आली. सकाळी कामाच्या जागी मोबाइलसमोर उभं राहायचं. तो चेहरा ओळखतो, फोटो आणि जागा टिपून ठेवतो, आणि नेटवर्क मिळेल तेव्हा सगळं वर पाठवतो. आमच्या एका वनमजुराचे वडील वारले. डोकं, दाढी, मिशा सगळं उतरवून तो तेराव्यानंतर कामावर आला. घरचं कुत्रं त्याच्यावर भुंकलं होतं म्हणे. मोबाइलने मात्र क्षणात ओळखलं. तो स्वतःच दचकला. लोक पुढचे कितीतरी दिवस ही गोष्ट एकमेकांना सांगत होते, आणि मीही सांगत होते.

या मोबाइलसमोर एके दिवशी एक मुलगी येऊन उभी राहिली. नुकतीच विशी ओलांडलेली, माडिया आदिवासी घरातली. तिची आई आमच्याकडे कायम वनमजूर होती. लांबलेल्या आजारपणाने ती गेली. तिच्या जागी अनुकंपावर या मुलीची नेमणूक झाली होती आणि आदेश घेऊन ती रुजू व्हायला आली होती. घरी दोन लहान भावंडं, कमावणारं दुसरं कोणी नाही. मी तिला भिंतीपाशी उभं केलं आणि चेहरा नोंदवायला घेतला.

मोबाइलवर लाल अक्षरं उमटली. हा चेहरा आधीच नोंदलेला आहे. खाली तिच्या आईचं नाव आणि आईचा कर्मचारी क्रमांक.

‘काऊन बाई, चालत नाई का?’ तिने विचारलं.

मी तिला उजेडात नेलं, सावलीत आणलं, केस मागे घ्यायला लावले. प्रत्येक वेळी मोबाइल तिच्याकडे बघायचा आणि आईचं नाव सांगायचा. खरं सांगते, भीती मला नंतर वाटली. आधी नुसतं नवल वाटलं. जी गोष्ट गावातल्या म्हातारीने गालाला हात लावून म्हणावी, ‘पोरगी आईवर गेली,’ ती हे यंत्र कोणाला न विचारता म्हणत होतं.

तेवढ्यात साहेब माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. साहेब तरुण, बाहेरच्या जिल्ह्यातले, आणि यंत्रावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास असलेले. त्यांनी स्क्रीन बघितला आणि शांतपणे तिला विचारलं, ‘आईच्या नावावर तू चेहरा दाखवत होतीस का?’

मी तिला डोळ्यांनी खुणावत होते, की गप्प राहा. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

‘हो. आई बिमार होती तवा मीच जात होती जाळरेषेवर.’

उन्हाळ्याच्या आधी जंगलातला एक लांबच लांब पट्टा पालापाचोळा झाडून मोकळा करतात, म्हणजे आग एका बाजूची दुसरीकडे जात नाही. ती जाळरेषा. मोहाच्या दिवसांत फुलं नीट वेचता यावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात, तेव्हा तर ती रोजच्या रोज झाडावी लागते.

‘पाळी घराची राह्यते साहेब,’ ती समजावून सांगू लागली, जणू साहेबांनाच कोणीतरी नीट सांगितलं नव्हतं. ‘आई उठली नाई तं मी गेली. घरून कोणीच नाई गेलं असतं तं लोक काय म्हणले असते? अन् मोबाइलनं बी घेतलं मले. नाई म्हणला असता तं मी सांगितलं असतं.’

तिच्या गावात तळ्याची पाळ बांधायची असो की रात्री शेत राखायचं असो, घरामागे एक माणूस लागतो. आई आली की लेक आली, हे कोणी विचारत नाही. घर आलं, एवढं पुरतं. तिने सरकारी नोकरीही त्याच हिशोबाने ओढून नेली होती, आणि मोबाइलने मान डोलावल्यावर तर तिला शंकेचं कारणच उरलं नव्हतं.

‘नियमाने ही तोतयेगिरी आहे,’ साहेब मला म्हणाले. ‘मी असं लिहिलं तर नेमणूक रद्द होईल.’

‘रद्द’ हा शब्द तिला कळला. तिने हातातला आदेश छातीशी धरला.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ‘साहेब, आई कोण अन् लेक कोण हे मशीनले समजलं नाई. मग रद्द मशीनले करा.’ साहेब रागावतील असं वाटलं होतं, पण ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी आईच्या हजेरीचे फोटो उघडले.

रोजच्या सकाळचा एक फोटो. सुरुवातीला भरल्या गालांची बाई, कपाळावर गोंदण, मागे सागाची झाडं. मग ती वाळत गेलेली. गोंदण तेच, डोळे आत गेलेले. मुलीच्या कपाळावरही तसंच गोंदण होतं. साहेब एका फोटोवर थांबले. ‘इथून तू.’

‘नाई, ते आईच हाय. त्या दिवशी ताप नोता तिले.’

‘मग ही?’

‘हे मी.’

‘आणि ही?’

तिने मोबाइल जवळ घेतला. बोटाने फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला. खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, ‘हे मले नाई समजून राह्यलं.’

जिने तो चेहरा धुतला, पुसला, शेवटी झाकला, तिलाही आई कुठे संपली आणि आपण कुठे सुरू झालो ते सांगता येत नव्हतं. मग यंत्राने काय चूक केली होती? आम्ही तिघंही त्या एका फोटोकडे बघत बसलो. साहेबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, ‘त्या उन्हाळ्यात त्या जाळरेषेवरून आग पलीकडे गेली होती का?’

‘नाई,’ मी म्हटलं. ‘शेजारच्या भागात गेली होती. तिथी नाई.’

त्यांनी टिपण लिहायला घेतलं. मायलेकींच्या चेहरेपट्टीतील असाधारण साम्यामुळे तांत्रिक अडचण उद्भवली असून दुरुस्तीस मान्यता मिळावी. सरकारी टिपणं वाचण्यात माझे केस पांढरे झाले, पण वाचताना डोळे भरून यावेत असं टिपण मी पहिल्यांदाच बघितलं. ते वर गेलं आणि आम्ही जेवणाचे डबे उघडायच्या आत उत्तर आलं. जुनी नोंद बंद करा, नवी घ्या. सोबत सूचना, की जुन्या नोंदीबरोबर आईचे सगळे फोटो पुसले जातील.

मी तिला बाजूला घेतलं. ‘आईचा दुसरा फोटो हाय का घरी?’

‘आधारवर हाय. पण त्यात आई वाटतच नाई.’

‘मग थांब, मी माझ्या मोबाइलवर काढून देते तुले.’

तिने नकारार्थी मान हलवली. ‘आईचा दगड उभा केला आमी, बाई. तिचा जीव बी घरात आणला. इथी कायले ठेवता तिले कामावर?’

त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभारतात आणि त्याचा जीव विधी करून घरी आणतात. बटण तिनेच दाबलं. भरल्या गालांची बाई, तापातली बाई आणि तो न समजलेला चेहरा, सगळं एकदम गेलं. मी तिला पुन्हा भिंतीपाशी उभं केलं. या वेळी मोबाइलने काही खळखळ केली नाही. हिरवी खूण आली, तिचं नाव आलं, त्याखाली नवा क्रमांक. साहेबांनी तिचं अभिनंदन केलं. मी इतकी खूश झाले होते की पेढे आणायला माणूस पाठवायला निघाले.

ती मात्र अजून स्क्रीनकडेच बघत होती.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘आता मी एकटीच दिसून राह्यली का त्याले?’

मला हो म्हणावं लागलं.