नसबंदीचा कौल

आमच्या घरातल्या कुटुंबनियोजनाचा निर्णय ग्रामदेवतेनं दिला.

तसा तो आधी महाडच्या डॉक्टरीणबाईंनी दिला होता, पण मला पसंत नव्हता. आम्हाला दोन मुली. तिसरं नको, यावर माझं आणि हिचं, म्हणजे वैशालीचं, एकमत. नको तर करायचं काय, यावर मात्र घोडं अडलं. बाईंनी सगळे उपाय समजावून सांगितले आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सगळ्यात सोपी यांची नसबंदी. टाका नाही, त्याच दिवशी घरी."

"पण बाई, पोलादपुरात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. सिमेंटच्या गोण्या उचलाव्या लागतात!"

"गोण्या हमाल उचलतो," ही म्हणाली. "गोळ्या मी खाल्ल्या, डोकं दुखलं. तांबी मी बसवली, कंबर दुखली. बाळंतपणं तर मीच केली. आता एक काम तुम्ही करा!"

मी पुरता कोंडीत सापडलो. अशा वेळी आमच्या भागातला माणूस जे करतो तेच मी केलं. "देवीला कौल लावू," म्हणालो. आमच्याकडे विहीर खणण्यापासून फ्रीज घेण्यापर्यंत सगळं देवीला विचारूनच होतं. ही लगेच कबूल झाली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. (देवीसुद्धा बाईच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही!)

उमरठच्या पुढे आमचं गाव. देवळात गेलो तर आई आधीच हजर. तिला नातू हवा होता, त्यामुळे नसबंदीचं नाव काढायची सोय नव्हती. सभामंडपात गावचे पुढारी दत्तूकाका आणि मंडळी बसलेली. गुरवानं देवीला दोन्ही बाजूंनी कळ्या लावल्या (ज्या बाजूची आधी गळेल तो देवीचा कौल) आणि विचारलं, "काम काय हाय रे सुरेश?"

"मनात धरलंय. मी करू का हिनं करावं, तेवढं विचार."

"आई, ह्यानं करायचं असंल तर उजवी दे, हिनं करायचं..." गुरवाचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी कळी खाली! इतक्या तातडीनं देवीनं पावसाचंही कधी सांगितलं नव्हतं.

मी कपाळाला हात लावला. मागे मात्र टाळ्या वाजल्या. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती, आणि नवराबायको दोघांतून एकानं करायचं काम म्हटल्यावर मंडळींना दुसरं काही सुचलंच नाही.

"सुरेश उभा ऱ्हातोय!" दत्तूकाका ओरडले.

मी नाही म्हणालो नाही. (खोटं कशाला बोलू, बरं वाटलं!)

नारळ फुटला, चहा आला आणि चहाबरोबर कायदाही आला.

"पन एक हाय," काका म्हणाले, "तिसरं पोर झालं का पद जातं. आधी त्येचा बंदोबस्त कर, मग आमी प्रचाराला लागतो."

"कसला बंदोबस्त?"

"आरं, महाडला जा नि करून टाक! तुला येवढं पन सांगाया लागतं?"

भर सभामंडपात! मी आशेनं आईकडे बघितलं. नातवासाठी देवीला नवसावर नवस बोललेली माझी माऊली म्हणाली, "करून टाक रे बाळा. नातवाचं ऱ्हाऊ दे, घरात मेंबर तरी होईल!"

ही खांबाआड तोंडाला पदर लावून हसत होती.

मग काय, जीप भरून कार्यकर्ते मला आणि हिला महाडला घेऊन गेले. नसबंदीला मिरवणुकीनं जाणारा तालुक्यातला मी पहिलाच असेन. काम खरंच चटकन झालं. फारसं दुखलंही नाही, त्यामुळे धड कण्हताही येईना. "तपासणी होईपर्यंत दुसरं साधन वापरा हं," असं बाई मला हळूच सांगत होत्या, तर दारातून दत्तूकाका म्हणाले, "वापरंल, वापरंल! आमी हाय ना!"

घरी येऊन पडलो. मंडळी भोवती बसली. मी उशी टेकवून पुढाऱ्यासारखा विचारता झालो, "मग, अर्ज कधी भरायचा?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कौल निवडणुकीचा नव्हता, नसबंदीचाच होता, ही खरी भानगड येताना जीपमध्ये हिनं काकांच्या कानावर घातली होती.

"अर्ज भरायचाच हाय," काका म्हणाले, "पन वैशालीचा. देवीनं तुला सांगितलेलं काम तू केलंस ना? बास झालं."

"अहो, पण तिनं असं काय केलंय?"

"जी बाय तुला त्या टेबलावर चढवू शकली, ती सायबाकडनं रस्ता नाय आणायची?"

हे वाक्य सगळ्या वॉर्डात घरोघर फिरलं. प्रचारात मी एकही भाषण केलं नाही. गरजच पडली नाही. प्रचाराचा मुद्दा मीच होतो!