सिलिकॉनच्या नळीवरची बारीक अक्षरं

बायकोची केमो संपून तीन महिने झाले होते. त्या दिवशी डॉक्टर पहिल्यांदाच म्हणाले, "आता कच्चं खायला हरकत नाही. फक्त स्वच्छ हवं, नीट धुतलेलं." त्याआधी कितीतरी महिने ती सगळं उकडून, मऊ करून गिळत होती. हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरून आम्ही परळच्या फुटपाथवर आलो आणि ती म्हणाली, "मला काहीतरी कुरकुरीत खायचंय. हिरवं."

मी नुकताच विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालो होतो. हाताला काम नव्हतं आणि डोक्याला एकच काम होतं, तिची काळजी. रुळांकाठी गटाराच्या पाण्यावर वाढणारी पालेभाजी मी जन्मभर पाहिलेली. कितीही धुतली तरी ती तिच्या पानात वाढायला माझा हात धजेना. मग व्हिडिओ बघून बघून मी ठरवलं, घरीच पिकवायचं. मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर.

करी रोडला आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला, त्यात अकराव्या मजल्यावर आमचं घर. गॅलरीच्या ग्रिलला मी चार इंची पांढरे पाईप आडवे बांधले, वर भोकं पाडली, भोकांत जाळीचे छोटे कप बसवले. खाली बादली, बादलीत माशांच्या टाकीला लावतात तसला पंप. पाईपांचे जोड प्लंबरच्या सोल्युशनने चिकटवले. पण टोकाच्या कॅप साफसफाईला उघडता याव्यात म्हणून नुसत्या दाबून बसवल्या होत्या. त्या गळायला लागल्या. दुसऱ्याच दिवशी दहाव्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. "भावोजी, माझे वाळत घातलेले कपडे पुन्हा ओले होतायत."

मी चिंचपोकळीच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. म्हटलं, "पाईपाचं टोक गळतंय, काहीतरी द्या." त्याने कशासाठी ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्याने सिलिकॉनची नळी पुढे केली. "बाथरूम-किचनवालं आहे काका, एक नंबर. वर्षानुवर्षं काळं पडणार नाही." काळं पडणार नाही, हे ऐकून मला बरंच वाटलं. ते का पडणार नाही, हा प्रश्न मला सुचला नाही.

गळती थांबली. महिन्याभरात लेट्यूस आणि पालक असा तरारला की शेजारचे बघायला येऊ लागले. ती रोज सकाळी स्वतः पानं खुडायची आणि दही, दाण्याचं कूट घालून खायची. तिच्या दाताखाली पान मोडल्याचा आवाज यायचा आणि मी पेपरमागे तोंड लपवून तो ऐकत बसायचो.

आठवड्याभराने दोन गोष्टी एकदम झाल्या. कॅपजवळची रोपं माना टाकू लागली, उपटून पाहिली तर मुळं तपकिरी आणि बुळबुळीत. आणि त्याच दिवशी जेवताना ती म्हणाली, "तोंड आलंय वाटतं. तिखट झोंबतंय."

मुळांचा फोटो मी घरगुती शेती करणाऱ्यांच्या एका ग्रुपवर टाकला. पाणी गरम होतंय का, खत जास्त झालं का, असे प्रश्न आले. मग एका अनोळखी बाईने विचारलं, "टोकाला सीलंट कुठलं लावलंय? बुरशीरोधक तर नाही ना? त्यातलं औषध पाण्यात उतरतं."

दुपार होती. ती आत झोपली होती. मी हत्यारांच्या डब्यातून ती अर्धी नळी काढली. अक्षरं इतकी बारीक की चष्म्यानेही लागेनात. मोबाईलने फोटो काढून मोठा केला. बुरशीनाशक मिसळलेलं. अन्नाशी आणि पिण्याच्या पाण्याशी संपर्क येऊ देऊ नये. माशांच्या टाकीसाठी वापरू नये.

मी ते तीनदा वाचलं. मग तिथेच लादीवर बसलो. जे माशाला चालत नाही, त्या पाण्यावर वाढलेला पाला मी माझ्या हाताने तिला खाऊ घातला होता. तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आत्ता कुठे वर यायला लागल्या होत्या. आणि आता तोंड आलं होतं.

ती उठायच्या आत मी सगळी रोपं उपटून काळ्या पिशवीत भरली. गॅलरीत येऊन तिने रिकामी भोकं पाहिली.

"हे काय केलंत?"

"किडे पडले होते."

"सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर."

पुढचे दोन दिवस मी तिला बघण्यापलीकडे काही केलं नाही. ती किती वेळा बाथरूमला जाते, पाणी किती पिते, डोळे पिवळे दिसतात का. ती खोकली तरी मी उठून तिच्याजवळ जायचो. पिशवीतली थोडी पानं मी वेगळी ठेवली होती. ती मोरीत उभा राहून एकट्याने खाल्ली. त्याने काय कळणार होतं, देव जाणे. मला काही झालं नाही, पण तेवढ्याने धीर आला नाही. माझी आणि तिची तब्येत एक नव्हती.

डॉक्टरांना फोन करायला तीनदा हात उचलला. ते विचारतील, "तुम्ही वाचलं नव्हतं?" खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा मला तिची भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत पाठमोरा बसून ब्लेडने कॅपवरचं सिलिकॉन खरवडत होतो. ती मागे येऊन उभी राहिलेली मला कळलंच नाही.

"किडे सिलिकॉनमध्ये पडले होते काय?"

मी वळलो. ती माहेरची मालवणी फक्त चिडली की बोलते. "काय झाला ता सांगा आधी," ती म्हणाली आणि समोरच्या स्टुलावर बसली.

मी नळी तिच्या हातात दिली, मोबाईलवरचा फोटो दाखवला, सगळं सांगितलं. ती रडेल, ओरडेल असं वाटलं होतं. तिने ते सगळं स्वतः वाचलं. मग म्हणाली, "गाठीचा रिपोर्ट आला तेव्हापण दोन दिवस खिशात घालून फिरलात."

"तुला त्रास नको म्हणून..."

"त्रास मलाच होतो ना? मग आधी कळायला मला नको?" तिने ती नळी दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरली होती. मला तेव्हा समजलं की तीही घाबरली आहे, आणि मी तिला तिच्या घाबरण्याचे तीन दिवससुद्धा दिले नव्हते. "फोन लावा. आत्ता. माझ्यासमोर."

डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावलं. ती नळी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बरोबर नेली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, तिचं तोंड, पोट तपासलं. म्हणाले, "पाण्यात किती उतरलं, पानात किती गेलं, हे मी सांगू शकत नाही. असलंच तर फार थोडं असेल. तोंड यायला आणखी दहा कारणं आहेत. रक्त तपासू या." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण अशी गोष्ट लगेच सांगत जा, साहेब." मी मान डोलावली. वर बघवलं नाही.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होता. तो पूर्ण दिवस आम्ही दोघं घरातल्या घरात फिरत होतो. तिने कपाट आवरलं, पुन्हा विस्कटलं, पुन्हा आवरलं. मी तीनदा चहा केला, कोणी प्यायला नाही. तिने माझा फोन स्वतःकडे ठेवून घेतला होता. पाचच्या सुमाराला त्यावर रिपोर्ट आला. तिने चष्मा लावला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचायला लागली. यकृत ठीक. मूत्रपिंड ठीक. पांढऱ्या पेशींपाशी आल्यावर ती थांबली.

"वाढल्यात," ती म्हणाली. "मागच्यापेक्षा."

डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, आठवड्यात तोंड बरं झालं. रोपं त्या बुरशीनाशकाने मेली की उन्हात तापलेल्या पाण्याने, हे मला आजतागायत माहीत नाही.

मी पाईप भंगारात द्यायला काढले होते. तिनेच अडवलं. "बांधायचं परत. पण सामान आणायला मी येणार."

काळाचौकीला एक माशांचं दुकान आहे. मालक म्हातारे, सगळं आयुष्य काचेच्या टाक्या जोडण्यात गेलेलं. तिने त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, माझी चूक अजिबात न गाळता. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"वहिनी, नळीवर जेवढे जास्त गुण लिहिलेले, तेवढं आत जास्त काही घातलेलं," ते म्हणाले. "तुम्हाला नुसतं सिलिकॉन हवं, टाकीसाठी बनवलेलं. ते ओलं असताना व्हिनेगरसारखा वास मारतं. वास पूर्ण जाईपर्यंत, आठवडाभर, पाणी लावू नका. मग पाणी भरा, दिवसभर ठेवा, ओतून द्या. असं तीन-चारदा. आणि मुळात कमी लावा. टोकाला रबराची रिंग असलेली कॅप मिळते, ती घ्या. जिथे रिंगने भागतं तिथे सिलिकॉन कशाला?"

तिने नळी हातात घेतली, दुकानाबाहेर उजेडात गेली आणि पाठीवरचं अक्षर न् अक्षर वाचलं. मग मला वाचायला लावलं.

त्यांनी सांगितलं तसंच सगळं केलं. वास गेला की नाही हे बघायला मी दिवसातून चारदा नाक लावायचो. आधी एकच रोप लावलं. त्याची मुळं पांढरी राहिली, तेव्हा बाकीची लावली.

पहिली पानं खुडली त्या सकाळी मी ताटली आपल्याकडे ओढली. म्हटलं, "दोन दिवस आधी मी खातो. मग तू."

"काही नको," ती म्हणाली. तिने ताटलीत दोन वाटे केले, अगदी सारखे. "एकदम खायचं."

तिने पान तोंडात टाकलं. मी माझं हातात धरून तिच्याकडे बघत राहिलो.

"खा ना," ती म्हणाली. मग मी खाल्लं.