जेवणारा डोळा

डॉक्टर वामनराव गेल्याची बातमी आली तेव्हा मी जेवत होते. नेहमीसारखी, भिंतीकडे तोंड करून. खाडीवर तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, चालवणारे इब्राहिमचाचा मागच्या दाराशी येऊन खाकरले, म्हणून मी वळले. माझा डावा डोळा वाहत होता. त्यांनी तो पाहिला आणि मान खाली घातली. म्हणाले, "बाय, तुमाला आदीच कळला वाटता... डाक्टर गेले." मला काहीच कळलं नव्हतं. मी आमटीभात खात होते, इतकंच. पण तसं सांगायचं धाडस झालं नाही आणि भर उन्हात खाडी ओलांडून आमच्या भाट्याला आलेला तो म्हातारा माझ्या दुःखाचा मान राखून पाणीसुद्धा न पिता परत गेला. डॉक्टरांविषयी लिहायचं तर या लाजेपासूनच सुरुवात करायला हवी, कारण आमची ओळखही तिच्यापासूनच झाली.

विशीत असताना एका सकाळी मी उठले, तर चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडलेली. चूळ भरली की पाणी ओठाच्या कोपऱ्यातून ओघळे. कुणी वारं म्हणालं, कुणी बाहेरचं. काही महिन्यांनी दुखणं गेलं, पण जाताना दोन खोडी ठेवून गेलं. डोळे मिटले की ओठाचा डावा कोपरा आपोआप वर चढतो आणि मी हसतेय असं दिसतं. आणि तोंडात घास गेला की डावा डोळा गळू लागतो. अशा मुलीला दाखवायचं म्हणजे आईची परीक्षाच. रत्नागिरीच्या बाजारात दवाखाना असलेले डॉक्टर वामनराव आपल्या धाकट्या भावासाठी मला बघायला आले, तेव्हा तिनं बजावून ठेवलं, "उजवी बाजू पाव्हण्यांकडे कर गो, आणि खायला म्हणून तोंड उघडू नकोस." पण त्यांची आई हौशी. मुलीनंही आमच्याबरोबर पोहे घेतलेच पाहिजेत म्हणाली. एक चमचा तोंडात गेला आणि व्हायचं ते झालं. त्या माउलीनं बशी खाली ठेवली आणि माझ्या वडिलांना हळूच विचारलं, मुलीच्या मनाविरुद्ध तर नाही ना चाललेलं? तोवर डुलक्या घेत असलेले डॉक्टर ताडकन उठून माझ्यापुढे येऊन वाकले. हरवलेली वस्तू सापडावी तसा त्यांचा चेहरा फुलला होता.

"रडत नाहीये ती," ते म्हणाले. "तो डोळा जेवतोय."

लग्न तिथेच मोडलं. पुन्हा कुठे जमलंही नाही.

पुढच्या रविवारी हे गृहस्थ पुन्हा आमच्या खळ्यात हजर. वडिलांनी त्यांना बसा म्हटलं नाही, तेव्हा उभ्यानंच बोलले. "लग्न माझ्या जिभेनं मोडलं. चेहऱ्यासाठी काही करता आलं तर करीन. पण खोटं सांगत नाही, मला तो डोळा बघायचाही आहे." चेहऱ्याचे स्नायू हे त्यांचं वेड. कुठला स्नायू काय उचलतो, काय ओढतो, हे ते दवाखाना बंद झाल्यावर तांबड्या पेन्सिलीनं चित्रं काढून ताडून बघत. हातापायांचे स्नायू हाडं हलवतात, चेहऱ्याचे मात्र कातडीत शिरतात, म्हणून माणसाचं मन झाकून राहत नाही, असं ते सांगत. मिरकरवाड्यात बांगडे घ्यायला गेले की बांगडे सोडून विकणारणीच्या तोंडाकडेच बघत राहायचे. एकीनं कोयती उगारल्याची गोष्ट त्यांनीच मला सांगितली आणि रागात भुवया कशा आवळतात तेही करून दाखवलं.

आई मध्ये बसे आणि आरशापुढे माझा अभ्यास चाले. भुवया वर, गाल फुगवा, शीळ घाला. मुलीच्या जातीनं शीळ घालायची म्हणून आई कपाळाला हात लावी. मग जिभेवर आमसूल ठेवून ते डोळ्याकडे एकटक बघत. एकदा मी विचारलं, हे असं का होतं? ते म्हणाले, तुटलेल्या नसेचे धागे परत वाढताना वाट चुकले. लाळेकडे जाणारा धागा अंधारात चुकीच्या पाखाडीनं उतरला आणि डोळ्याच्या दारात पोचला. यात लाज ती कसली, वाटचुकल्याला कुणी हसतं का? ओठ पुष्कळ सरळ झाला. डोळा तसाच राहिला. तेव्हापासून त्यांचा एकच हट्ट होता, एकदा आमच्या पंगतीला बसा, लोकांकडे तोंड करून जेवा. मी कधी उपास सांगितला, कधी तर बंद होती म्हटलं. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवले ती त्यांच्या तेराव्याला...

फोटोसमोर हात जोडून डोळे मिटले आणि ओठ वर चढला. दोन बायकांनी एकमेकींना कोपर मारलं. पंगतीत मी उजवी बाजू लोकांकडे येईल अशी जागा धरली, पदर पुढे घेतला. पहिल्या घासालाच डोळा वाहू लागला, तशा त्याच बायका हळहळल्या. एकीनं पाठीवरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला. वाढता वाढता डॉक्टरांच्या पत्नी, शांतावहिनी, माझ्यापाशी थांबल्या आणि वाकल्या. त्या मला डोळ्यासकट वर्षानुवर्षं ओळखत होत्या.

"कुसुमताई, आज जेवतोय, की रडतोय?"

त्यात थट्टा नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी माझ्या उजव्या डोळ्याकडे पाहिलं. तो कोरडा होता. "जेवतोय, वहिनी," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पानात भात वाढला आणि पुढे गेल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यानं माझा चेहरा लाज न धरता पाहिला, त्याच्याच घरात, त्याच्याच दिवशी मी सारा वेळ स्वतःचा चेहरा लपवत बसले होते. रडायला सवडच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाट उलटा मांडला. भिंतीला पाठ आणि तोंड आईकडे. तिनं बघितलं. भाताचं पातेलं घेऊन ती वाढायला वाकली आणि तशीच थांबली. पान अजून रिकामं होतं.

"उजवा पण वाहतोय गो..." ती म्हणाली.